चौघांचा प्रोजेक्ट, एकाची मेहनत: ग्रुपच्या मार्कांची वाटणी न्यायानं कशी करायची

सेमिस्टर संपत आलं की केबिनच्या दाराशी कुणीतरी एकटंच येऊन उभं राहतं. बाकीचे तिघं खाली कँटीनमध्ये असतात. ‘सर, जरा बोलायचं होतं.’ पुढचं वाक्य मला पाठ आहे: ‘सगळं मीच केलंय, आणि मार्क चौघांना सारखेच पडणार.’ मी विचारतो, दाखवायला काय आहे? मग मोबाईल बाहेर निघतो, व्हॉट्सॲपवरच्या निळ्या टिका दाखवल्या जातात. ‘बघा सर, बघून सोडून दिलंय.’ बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, चार दिवसांवर आलेला असताना निळ्या टिकांच्या जोरावर मला कुणाचे मार्क कापता येत नाहीत.

कोल्हापूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रोजेक्ट गाईड म्हणून काम करतो. हा लेख त्या दाराशी येणाऱ्यांसाठी आहे, फक्त तो मार्चमध्ये नाही, जुलै-ऑगस्टमध्ये वाचायचा. उदाहरणं माझ्या खात्यातली असली तरी बीबीए, बीकॉम, बीएस्सी, आर्किटेक्चर, जिथं जिथं ग्रुपनं मार्क मिळतात तिथं यातलं बरंचसं चालेल.

आधी दोराची गोष्ट

माणसं ग्रुपमध्ये ढिली का पडतात, हे आळशीपणावर ढकलून मोकळं होण्याआधी एक प्रयोग बघा. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला आणि १९१३ मध्ये निकाल छापले. एकट्यानं ओढताना लागणारा जोर १०० धरला, तर दोघं असताना प्रत्येकी ९३, तिघं असताना ८५ आणि आठजण असताना जेमतेम ४९. रस्सीखेच खेळलेल्या कुणालाही वाटेल, की ताल जुळत नसेल म्हणून. थोडं तसंही आहे. पण १९७४ मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग डोळे बांधून केला. मागं उभी असलेली माणसं ओढण्याचं नुसतं नाटक करत होती, खरा ओढणारा एकटाच होता. तरीही मागं लोक आहेत म्हटल्यावर त्याचा जोर उतरला. १९८१ मध्ये ओरडण्याच्या आवाजावर असाच प्रयोग झाला. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जाणार हे माहीत झालं, तेव्हा ही ढिलाई राहिलीच नाही.

म्हणजे गोम स्वभावात कमी आणि न दिसण्यात जास्त आहे. आमच्याकडं शेतात हे जुन्या लोकांना प्रयोगाशिवाय कळलं होतं. भांगलणीला, म्हणजे पिकातलं तण काढायला, पैरा असतो: आज तुमच्या दोन बायका आमच्या शेतात, परवा आमच्या दोन तुमच्या शेतात. वही नसते, पण माझ्या आईला कुणाचा किती पैरा फेडायचा राहिलाय हे दोन-दोन वर्षं लक्षात असायचं. आणि तिला ते लक्षात आहे, हे समोरच्यालाही माहीत असायचं. खरा जोर त्यातच होता. कॉलेजात असलं काही नसतं, म्हणून ते आपणच तयार करायचं.

ग्रुप जमवताना काय विचारायचं

काही ठिकाणी ग्रुप रोल नंबरनं पडतात, काही ठिकाणी आपले आपण करायचे असतात. माझं मत विचाराल तर तीन किंवा चार जण बास. पाच झाले की एकजण प्रेक्षक होतोच. जिगरी दोस्तांचाच ग्रुप करायचा मोह आवरा. दोस्ताला ‘तू काम केलं नाहीस’ म्हणायला जीभ रेटत नाही, आणि रेटली तर प्रोजेक्टही जातो आणि दोस्तीही.

पहिल्या बैठकीत विषय बाजूला ठेवा आणि चार साध्या गोष्टी विचारा. कुणाची शेवटची एसटी किती वाजता? कुणाकडं चालणारा लॅपटॉप आहे? कुणी संध्याकाळी कामाला जातं का? आणि चौथी, सगळ्यात अवघड: कुणाला किती मार्क हवेत? एकाला पुढं एमटेकला जायचंय म्हणून ९० च्या वर हवेत, दुसऱ्याला नुसतं सुटायचंय. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत. पण हे आधी बोललं नाही, तर पहिल्याला दुसरा कामचुकार वाटतो आणि दुसऱ्याला पहिला डोक्यावर बसलेला. खरं उत्तर मिळायला हवं असेल तर कट्ट्यावर, मिसळ खाता खाता विचारा. वर्गात सगळेच ९० म्हणतात.

अर्ध्या पानाचा कागद

याला करार वगैरे मोठं नाव देऊ नका, पोरं बिचकतात. वहीचं अर्धं पान पुरे. माझ्या एका ग्रुपनं लिहिलेला कागद मी आता सगळ्यांना नमुना म्हणून दाखवतो:

‘दर मंगळवारी दुपारी १ ते १.३० लायब्ररीबाहेर भेटणार, कारण संध्याकाळी दोघांची एसटी असते. येणार नसेल त्यानं आदल्या रात्री ९ च्या आत कळवायचं. न कळवता दोनदा चुकला तर सरांना सांगणार, आणि हे चुगली केली असं धरायचं नाही. खर्च ८,००० च्या आत. पावती नाही तर पैसे नाहीत. एकमेकांना मार्क डिसेंबरात एकदा, मार्चात एकदा. मॉडेल शेवटी कुणाकडं राहणार: अजून ठरलं नाही.’

खाली चार सह्या आणि तारीख. फोटो काढून ग्रुपवर पिन केलेला आणि एक प्रत माझ्याकडं.

‘चुगली धरायचं नाही’ हे त्यातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. आपल्याकडं मास्तरांना नाव सांगणं म्हणजे गद्दारी, हे शाळेपासून अंगात भिनलेलं असतं. ती परवानगी आधीच चौघांनी मिळून दिली, की पुढं कुणाला मनाला लागत नाही. खर्चाचं वाक्यही असंच. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत फॅब्रिकेशनला गेलं की एका फेरीत हजार-दोन हजार कधी जातात कळत नाही, आणि कॉन्ट्री काढताना आवाज चढतात. मार्कांवरून झाली म्हणतात त्यातली कितीतरी भांडणं मुळात पैशांची असतात.

काम वाटायचं ते बोट ठेवून दाखवता येईल असं

‘तू चॅप्टर एक, मी चॅप्टर दोन’ ही वाटणी दिसायला न्यायाची, पण ती कामाची नव्हे, रिपोर्टच्या पानांची असते. वाटणी वस्तूंची करा. गिअरचं डिझाईन कॅल्क्युलेशन, शाफ्टचं ड्रॉइंग, बेअरिंगची खरेदी, टेस्टिंगच्या दहा रीडिंग. प्रत्येक वस्तूसमोर एक नाव करणाऱ्याचं, एक तपासणाऱ्याचं. दोन नावं एकाच रकान्यात दिसली की समजा, ते काम कुणीच करणार नाही.

आता न दिसणाऱ्या कामांकडं या, कारण खरा अन्याय तिथं होतो. दुकानातून तीन कोटेशनं आणणं, एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) सहीसाठी पत्र घेऊन चार चकरा मारणं, बेअरिंग पिशवीत घालून केएमटीच्या बसनं आणणं, आकृत्यांचे नंबर जुळवणं, आदल्या रात्री राजारामपुरीत झेरॉक्सवाल्यासमोर बाइंडिंगसाठी ताटकळणं. ही कामं यादीत नसतात, म्हणून ती करणाऱ्याच्या नावावरही पडत नाहीत. आणि ती बहुतेक वेळा मुलींच्या वाट्याला जातात. ‘रिपोर्ट आणि पीपीटी तू कर, तुझं अक्षर चांगलंय.’ अहो, रिपोर्ट टाईप होतो, अक्षराचा संबंध काय? मग व्हायवाला एक्सटर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) मशीनबद्दल विचारतात, मशीनपाशी पोरं उभी, आणि पन्नास पानं लिहिलेली मुलगी गप्प. मार्क बोलणाऱ्याला. माझ्याकडं आता नियम आहे: वर्कशॉपमधलं किमान एक आणि रिपोर्टमधलं किमान एक काम प्रत्येकाच्या नावावर असलंच पाहिजे. कुरकुर होते, होऊ दे.

डायरी

प्रोजेक्ट डायरी बहुतेक कॉलेजांत असते आणि बहुतेक कॉलेजांत ती शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत, एकाच शाईनं भरली जाते. मी ती हातात घेतल्याबरोबर ओळखतो. वीस आठवड्यांच्या नोंदी आणि पेन एकच?

खरी डायरी दर मंगळवारी दहा मिनिटांची: कुणी काय केलं, पुढच्या मंगळवारपर्यंत कोण काय करणार, कुठं अडलंय. एका नोंदीला एक ओळ. रिपोर्ट पहिल्या दिवसापासून गूगल डॉक्सवर, प्रत्येकानं स्वतःच्याच खात्यातून लिहायचा. त्याच्या व्हर्जन हिस्टरीत कुणी कधी काय लिहिलं हे रंगांनी वेगळं दिसतं. कॉम्प्युटरवाल्यांसाठी कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आहेच. वर्कशॉपमधले फोटो तारखेसकट एका फोल्डरात.

पण सावध राहा. गिटवर ४० कमिट (बदलांच्या नोंदी) केलेला चारपट काम करतो असं नाही, कुणी स्वल्पविराम बदलूनही कमिट ठोकतो. डॉक्सवर कमी दिसणारा कदाचित उद्यमनगरात लेथपाशी उभा असेल. या नोंदी पुरावा म्हणून ठीक, पण कामाची मोजपट्टी म्हणून वापरू नका.

भिडू गळायला लागला तर

इथं मला माझीच गोष्ट सांगायला लागेल. शिकत असताना आमचाही चौघांचा ग्रुप होता, उसाच्या पाचटाची कुट्टी करणारं मशीन करत होतो. चौथा भिडू गगनबावड्याकडचा. संध्याकाळी पाचला सगळे जमायचो आणि सव्वापाचला हा पिशवी उचलायचा. आम्ही त्याला ‘पाहुणा’ म्हणायचो. मी ग्रुपचा स्वयंघोषित कारभारी. त्याच्या वाट्याचं ड्रॉइंग एकदा चार दिवस उशिरा आलं, तर मी ते न बघताच रात्रभर बसून स्वतः काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं, ‘राहू दे, मी केलंय.’ त्यानंतर तो काही आणेनासाच झाला. गगनबावडा कोल्हापूरपासून ५५ किलोमीटर, पाऊस म्हणजे कोसळणारा, आणि एसटी चुकली तर मुक्काम कुठं करायचा हा प्रश्न. हे मला व्हायवा झाल्यावर त्याच्याच तोंडून कळलं. त्याचं ते ड्रॉइंगही तेव्हाच पाहिलं. माझ्यापेक्षा चांगलं होतं.

मार्क चौघांना सारखे पडले. तेव्हा मला वाटलं माझ्यावर अन्याय झाला.

म्हणून तक्रारीआधी दोन माणसं वेगळी ओळखायला शिका: एक चुकारपणा करणारा, दुसरा अडचणीतला. आणि तिसरा, जो स्वतःला कधीच ओळखत नाही: सगळं ओढून घेणारा. ‘तुला जमणार नाही, मी करतो’ म्हणून तोच बाकीच्यांना रिकामं बसवतो, आणि मग तोच दाराशी येऊन उभा राहतो.

पायऱ्या अशा. काम एकदा चुकलं की त्याच दिवशी, एकट्याला, फोनवर किंवा समोर विचारा. ग्रुपवर नको, तिथं माणूस इज्जत वाचवायला लागतो. ‘भावा, ड्रॉइंग कुठपर्यंत आलं? काही अडलंय का? मंगळवारपर्यंत निम्मं तरी दाखवशील का?’ एवढंच. ‘तू कधीच काही करत नाहीस’ असं म्हटलं की बोलणं संपलं. अडचण खरी निघाली तर काम कमी करू नका, बदला. घरून होणारं द्या, वेळ बदला, दुपारची करा.

दुसऱ्यांदा चुकलं तर बाकीच्या तिघांनी मिळून बोला आणि ते डायरीत लिहा, त्याच्यासमोर. तिसऱ्यांदा गाईडकडं या. येताना अर्धं पान, डायरी आणि ठरलेल्या तारखा आणा. मला स्वभावाची वर्णनं नकोत. ‘५ सप्टेंबरला ड्रॉइंग द्यायचं ठरलं होतं, १९ पर्यंत आलं नाही, तीनदा विचारलं’ एवढं पुरतं. आणि हे सगळं पहिल्या रिव्ह्यूच्या, म्हणजे कामाच्या पहिल्या तपासणीच्या, आत. तेव्हा मला काहीतरी करता येतं: काम पुन्हा वाटता येतं, त्या मुलाला बोलावून विचारता येतं, अगदी टोकाला त्याला वेगळं छोटं काम देता येतं.

एक करू नका: चुकाराचं काम गुपचूप स्वतः करून वर त्याचं नाव घालू नका. दया वाटते ती खरी, पण त्यानंतर तुमच्या तक्रारीला पायाच उरत नाही.

एकमेकांना मार्क द्यायची रीत

इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या वेबपीएसारखी सॉफ्टवेअर यासाठी आहेत, पण कागद-पेनावरही दहा मिनिटांत होतं. स्वतःला मार्क द्यायचे नाहीत. चौघांचा ग्रुप असेल तर प्रत्येकाकडं ३० गुण, ते बाकीच्या तिघांत वाटायचे. सगळ्यांचं काम सारखं वाटलं तर १०-१०-१०. प्रत्येक आकड्यापुढं एका ओळीचं कारण, आणि कागद घडी घालून थेट गाईडकडं.

समजा अ ला तिघांकडून १२, १२, १२ मिळाले, म्हणजे ३६. ब ला १२, ११, १० म्हणजे ३३. क ला ११, ११, ८ म्हणजे ३०. ड ला तिघांकडून ७-७-७, म्हणजे २१. सरासरी ३०. आता प्रत्येकाच्या बेरजेला ३० नं भागा: १.२, १.१, १ आणि ०.७. प्रोजेक्टला ५० पैकी ४० पडले असतील तर सरळ गुणून अ ला ४८, ब ला ४४, क ला ४० आणि ड ला २८ होतात.

मला हे जरा कडक वाटतं, एकमेकांच्या मतावर इतका भार टाकू नये. म्हणून मी निम्मे मार्क सगळ्यांना सारखे ठेवतो आणि उरलेल्या निम्म्यांनाच गुणतो. ४० मधले २० सगळ्यांचे, उरलेल्या २० ला गुणून २४, २२, २० आणि १४. मिळून अ ४४, ब ४२, क ४०, ड ३४. फरक दिसतो, पण कुणाचा गळा कापला जात नाही.

यात पळवाटा आहेत. दोघं दोस्त असतील तर एकमेकांना १५-१५ देऊन मोकळे होतात. तिघांनी मिळून एकाला पाडायचं ठरवलं तर त्याच्याकडं वाचायला जागा नसते. म्हणून आकडा हा निकाल नव्हे, चौकशीची खूण. तिघांनी ७ दिलेत आणि डायरीत त्याचं काम दिसतंय, तर मी तिघांना बोलावतो. त्याच्या जातीवरून, गावावरून, बोलीवरून काही चाललंय का, हेही डोक्यात ठेवून ऐकतो.

डिसेंबरची फेरी मार्कांसाठी धरायची नाही. तो नुसता आरसा. ज्याला २१ आले त्याला तेव्हाच कळतं, आणि त्याच्या हातात अजून तीन महिने असतात. थेट मार्चात पहिल्यांदा सांगणं म्हणजे मागून वार.

व्हायवा

थोडक्यात सांगतो, कारण ही बाजू बरीचशी आम्हा मास्तरांच्या हातात आहे. प्रश्न नाव घेऊन विचारावेत, आणि ज्याच्या नावावर जे काम आहे त्याच्याबद्दल एक आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल एक. इंग्रजीत फाडफाड बोलणाऱ्याला सगळं प्रेझेंटेशन देऊन टाकणं बंद करा. मराठीत उत्तर दिलं म्हणून शाफ्टचा व्यास चुकत नाही. विद्यार्थ्यांनी आधी आपला अभ्यासक्रम काढून बघावा: इंटर्नल किती, एक्सटर्नल किती, आणि प्रत्येकाच्या वैयक्तिक कामाला वेगळे मार्क आहेत का. स्वायत्त कॉलेजांत हे कॉलेजगणिक बदलतं.

मार्क लागल्यावर अन्याय वाटला तर

आधी गाईड, मग एचओडी, दोन्ही वेळा लेखी अर्ज आणि पोच घेतलेली. त्यापुढं यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणं प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडं अपील करता येतं. पण ‘मला जास्त मार्क पाहिजे होते’ एवढ्यावर तिथं दाद लागत नाही. ठरलेली पद्धत पाळली नाही किंवा भेदभाव झाला, हे नेमकं दाखवावं लागतं. दाखवायला काय लागतं, ते आत्तापर्यंत तुमच्याकडं जमलेलं असेलच: अर्धं पान, डायरी, तारखा.

राहिलं मॉडेलचं. ते कुणाकडं राहणार, हे कागदावर पहिल्याच दिवशी लिहून टाका. नाहीतर खात्यामागच्या शेडमध्ये गंजत पडतं आणि पुढच्या बॅचची पोरं त्याची मोटार काढून नेतात. आमचं पाचटाचं मशीनही तसंच पडलं असतं. गगनबावड्याच्या त्या भिडूनं टेंपो करून ते गावी नेलं आणि ब्लेड बदलून घेतली. दोन वर्षांनी त्याचा फोन आला, पुली कुठल्या दुकानातून घेतली होती ते विचारायला. ती खरेदी मी केली होती. पावती मात्र माझ्याकडं नव्हती.